राजाची अडीच घरं

बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडू त्रास देत नाहीत. त्रास देतात पालक. जिल्हा संघटनेचा सचिव म्हणून अकरा वर्षं मी हे सोसतो आहे. कोणी खिडकीतून खुणा करतं, कोणी पाण्याची बाटली द्यायच्या निमित्तानं आत घुसतं आणि पोराच्या कानाशी पुटपुटतं. एका माउलीनं तर डब्यातल्या पोळीच्या घडीत चिठ्ठी घातली होती. म्हणून दरवर्षी मी एक सूचना स्वतःच्या हातानं लिहितो आणि दारावर चिकटवतो: ‘हॉलमध्ये कोणीही एखाद्या खेळाडूस चाल सुचवल्यास त्या खेळाडूचा डाव बाद. सबब ऐकली जाणार नाही.’ खाली माझी सही, नीळकंठ, सचिव. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदाची सतरा वर्षांखालची निवड स्पर्धा लोणारला होती. बसस्टँडमागचं मंगल कार्यालय, शनिवार-रविवार, सहा फेऱ्या, चव्वेचाळीस पोरं. लग्नांचा हंगाम सुरू व्हायला आठवडा होता म्हणून हॉल मिळाला. जेवणाच्या लांब टेबलांवर रेक्झिनचे हिरवे-पांढरे पट, प्लॅस्टिकचे मोहरे, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांची घड्याळं. दुपारी वारा फिरला की सरोवराकडून तो खारट, उग्र वास यायचा, आणि बाहेरगावची पोरं नाक धरून हसायची. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. सवय होते माणसाला.

पहिले दोघं राज्य स्पर्धेला जाणार होते. आणखी एक नियम मी यंदा नव्यानं आणला होता. तीस चाली होईपर्यंत बरोबरी मागायची नाही. दोन हुशार पोरं समोरासमोर आली की दहा मिनिटांत हात मिळवून भेळ खायला पळतात, ते बंद करायला.

त्या चव्वेचाळीस पोरांत एक माझी रेवती होती. हे तिचं शेवटचं वर्ष; जूनमध्ये सतरा पूर्ण होतात. मागची दोन्ही वर्षं ती अर्ध्या गुणानं तिसरी आली. पहिल्या वर्षी रडली, दुसऱ्या वर्षी रडलीही नाही, आणि तेच मला जास्त लागलं. या खेपेला चिखलीहून निघताना ती एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, “या वेळी राह्यलं ना बाबा, तर मी मोहरे कोणाले तरी देऊन टाकीन. मंग मले काही म्हणू नका.”

मी म्हटलं, “दे. पण आधी खेळ तर खरी.”

असं तुटक बोलायची माझी जुनी खोड. मनातून मी नारळ बोलून बसलो होतो.

शनिवारचे चारही डाव तिनं माझ्या शिकवणीप्रमाणे खेळले. मधली प्यादी दोन-दोन घरं पुढे, आठव्या चालीच्या आत कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात सुरक्षित, मग लढाई. साडेतीन गुण. रात्री जेवताना तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि माझ्या ताटातला बोटभर ठेचाही पळवला.

रविवारी सकाळी पाचव्या फेरीत गडबड सुरू झाली.

मी सहपंच होतो, पण पोटची पोर खेळते त्या टेबलाशी मी जात नाही, हा माझाच नियम. दोरीबाहेरून बघत होतो. रेवतीनं राजापुढचं प्यादं उचललं आणि एकच घर पुढे ठेवलं. मग वजिरापुढचं, तेही एकच घर. मग कडेचं. मला वाटलं, पोरीनं समोरच्याला चकवायला काही तरी काढलं असेल. पण बारा चाली झाल्या, पंधरा झाल्या, राजा आपल्या जागीच. कॅसलिंगचं नाव नाही. आणि प्रत्येक चालीआधी ती उजव्या हाताची बोटं तोंडाशी नेऊन त्यांवर हलकी फुंकर मारत होती.

डाव ती जिंकली. साडेचार गुण. 

मधल्या सुट्टीत मी तिला जिन्याखाली गाठलं. “कॅसलिंग काऊन नाही केलं?”

“केलं ना.”

“नाही केलं. कागद पाह्य तुझा.”

खेळाडूनं प्रत्येक चाल कागदावर लिहायची असते. तिनं स्वतःच्या अक्षरातल्या चालींवरून बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. “असंन. मले वाटलं, लागत नाही. म्हटलं, माह्या राजाले पाहिजे तवा उठून जाता येते.”

“कुठं उठून जाता येते?”

“काय माहीत बाबा, वाटलं तसं. जिंकली ना मी?”

“अन् हे बोटांवर काय फुंकून राह्यली?”

“कोण? मी?” ती हसली. खरंच हसली. “तुम्ही जेवले नाही का अजून? उपाशी राह्यले की तुम्हाले काहीबाही दिसते.”

मी जेवलो नव्हतो, हे खरं होतं. नंतरही जेवण गेलं नाही.

आता कय्यूमचाचांबद्दल सांगायला हवं. टाळत होतो.

कय्यूमचाचा अमडापूरचे सुतार. माझे वडील तिथं पोस्टात होते आणि नववीपासून मी चाचांच्या दुकानात पडीक असायचो. दाराच्या चौकटी, बैलगाडीची जुवं, आणि उरलेल्या शिसवीच्या तुकड्यांचे बुद्धिबळाचे मोहरे. काम थांबलं की भुशातच पट मांडायचे. मोहऱ्याला हात लावण्याआधी बोटांवरचा भुसा फुंकून टाकायचे. दुकान बंद असलं, हात धुतलेले असले, तरी फुंकर सुटली नव्हती.

चाचा देशी खेळायचे. आपल्याकडे जुनी माणसं अजून खेळतात. त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर जातं. कॅसलिंग नसतं. त्याऐवजी राजाला, जोवर एकही शह बसलेला नाही तोवर, सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. त्या उडीचे चाचा बादशहा होते. समोरच्यानं चारी बाजूंनी नाकेबंदी करावी, आणि चाचांनी हसत बोटांवर फुंकर मारावी, राजा उचलावा, आणि तो भलत्याच घरात जाऊन बसावा. तालुक्यात त्यांना कोणी हरवलेलं मी पाहिलं नाही.

स्पर्धेचे नियम त्यांना मी शिकवले. कॉलेजात असताना. “चाचा, एवढा हात आहे तुमचा, जिल्ह्याले खेळा,” म्हणून मागे लागलो. ते शिकलेही. पण शिकलेलं डोक्यात राहतं आणि मुरलेलं हातात राहतं. वेळ संपत आली की चाचांचा हात राजाकडे जायचा. दुकानातल्या डावात असं झालं की मी हसून म्हणायचो, “चाचा, अडीच घरं नाही चालत इथं.” तेही हसायचे, राजा परत ठेवायचे.

दोन हजार तीन साली चिखलीला जिल्हा स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत माझी गाठ चाचांशीच पडणार, हे आदल्या फेरीपासून दिसत होतं. त्या वर्षी खेळाडू कोट्यातून शिक्षकांच्या जागा निघाल्या होत्या. राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र हवं. जिंकणारा एकच जाणार. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझे वडील रोज सकाळी चहाबरोबर मला माझं वय सांगत होते.

चाचा स्पर्धेत उतरणार हे मला महिनाभर आधीच कळलं होतं. तीन आठवडे घरात बसून मी एक ओपनिंग तयार केलं. कोणत्याही पुस्तकात नसलेलं. पटावरच्या फौजेसाठी ते नव्हतंच, ते एका माणसाच्या हातासाठी होतं. त्याची पहिली अट अशी, की सबंध डावात एकही शह द्यायचा नाही. समोर आयता शह दिसला तरी सोडून द्यायचा. शह बसला की देशी राजाची उडी संपते, आणि हात सावध होतो. शह न देता, हळूहळू, राजाभोवती असा फास आवळायचा, की सुटायला दोनच वाटा दिसाव्यात. एक, हत्ती मध्ये घालणं. दुसरी, ती उडी.

आणि स्पर्धेत नियम असा, की मोहऱ्याला हात लागला तर तोच मोहरा हलवायचा. राजाला नियमानं जाता येतील अशी घरं दोन. दोन्हींत मात.

एकतिसाव्या चालीला चाचांच्या घड्याळात पाऊण मिनिट उरलं होतं. त्यांनी बोटांवर फुंकर मारली, राजा उचलला आणि अडीच घरांवर ठेवला. चेहऱ्यावर तेच दुकानातलं हसू. बाजूला त्यांची आठ वर्षांची मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी या खेपेला हसलो नाही. मी पंचांकडे बघून म्हटलं, “हात लागला.”

चाचांनी राजा उचलून जागेवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. “हाव बेटा,” ते म्हणाले, “लागला.”

त्यांना समजलं असेल का, हे मला आजही माहीत नाही. मी त्यानंतर दुकानात गेलो नाही. नोकरी लागली, लग्न झालं, रेवती झाली. चाचा वारले तेव्हा निरोप आला होता. शाळेत परीक्षा आहे असं सांगितलं. परीक्षा नव्हती. त्या डावाचे चालींचे दोन्ही कागद संघटनेच्या कपाटातून काढून मी जाळले आणि राख मोरीत सोडली. इतकं करूनही मी स्वतःला नियमानं वागणारा माणूस म्हणत आलो. नियमानंच जिंकलो होतो, नाही का?

ती पाय हलवणारी मुलगी म्हणजे अंजुम. आता उर्दू शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि लोणारच्या या स्पर्धेची मुख्य पंच होती. तिला मीच नेमलं होतं. जिल्ह्यात तिच्याइतकी काटेकोर पंच नाही. ती मला ‘सर’ म्हणते आणि त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

शेवटची फेरी दोन वाजता सुरू झाली. टेबल क्रमांक एक. पांढरे मोहरे रेवतीचे, काळे धवलचे. धवल खामगावचा, सोळा वर्षांचा, कॉम्प्युटरवर तयार झालेला पोरगा. पाचपैकी पाच. चष्मा वर सरकवायचा आणि पहिल्या दहा चाली दहा सेकंदांत खेळायचा, असा त्याचा खाक्या. हिशोब सरळ होता. बरोबरी झाली तर दोघंही राज्य स्पर्धेला. रेवती हरली तर ती तिसरी, आणि मलकापूरचा एक मुलगा वर. अर्धा गुण. पुन्हा तोच अर्धा गुण.

मी दोरीबाहेर उभा राहिलो आणि मनातल्या मनात म्हटलं, नीट खेळ गं माझे आई. कॅसलिंग कर.

तिनं राजापुढचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

धवल तीन मिनिटं बसून राहिला. तीन मिनिटं, पहिल्या चालीला! मग वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं पुढे टाकलं. असं तो कधी खेळत नाही. असं कोणीच खेळत नाही. मी एकदा खेळलो होतो.

गंमत वाटली, तेवढीच.

सहाव्या चालीपर्यंत सगळं चिखलीच्या त्या डावासारखंच झालं, आणि गंमत संपली. नवव्या चालीला मी हिशोब करू लागलो. मी गणिताचा माणूस आहे. पहिल्या दहा-बारा चाली जुळणारे हजारो डाव जगात रोज होतात. पण ते पुस्तकातल्या वाटेनं जाणारे. ही वाट माझ्या घरातल्या खाटेवर बसून मी एकट्यानं काढलेली होती. चौदाव्या चालीला मी माझा काळा उंट विनाकारण एक घर मागे घेतला होता. धवलनं उंटाला हात लावला, थबकला, आणि एक घर मागे घेतला.

सगळीकडे रेक्झिनवर प्लॅस्टिक बसल्याचा मऊ आवाज येत होता. टेबल एकवरून ‘टक्’ असा आवाज आला. लाकडावर लाकूड. मी मान पुढे काढून पाहिलं. मोहरे प्लॅस्टिकचेच होते, सकाळी मीच मोजून मांडलेले.

सतराव्या चालीला धवलला सरळ शह देता येत होता. पाचवीतलं पोर देईल असा. त्यानं चष्मा वर केला, त्या घराकडे बराच वेळ पाहिलं, आणि शह दिला नाही.

 वारा फिरला होता, पण सरोवराचा वास येत नव्हता. ताज्या कापलेल्या शिसवीचा वास येत होता.

मी अंजुमकडे गेलो. ती मधल्या रांगेत एका मुलाचं घड्याळ बघत होती. “अंजुम, टेबल एकचा डाव पाहिला का तू?”

 “माही नजर आज तिथं टिकूनच नाही राह्यली, सर. पाहाले जाते, अन् मागून कोणी तरी हाक मारते.”

“कोण?”

“वळून पाहते तं कोणीच नसते.” मग तिनं आवाज जरा कडक केला. “पण तुम्ही तिथं दोरीजवळ नका उभे राहू. तुमची पोरगी खेळून राह्यली. बरं नाही दिसत.”

बरोबरच होतं तिचं. मी बाहेर गेलो, नळाखाली डोकं धरलं, स्वतःला चार शिव्या घातल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! दोन पोरं खेळताहेत, तू बावीस वर्षांपूर्वीचं उकरून काढतोस. मग मी परत आलो आणि पुन्हा दोरीजवळच उभा राहिलो.

तेविसावी चाल. तीच.

चोविसावी. तीच.

रेवती फुंकर मारत होती. प्रत्येक चालीआधी. तिच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. किंचित हसू होतं, आणि ते हसू आमच्या घराण्यातलं नव्हतं.

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला वाटलं, चाचा आले आहेत. मी त्यांच्याशी जे केलं ते माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीशी करायला आले आहेत. तिचा हात राजाला लागेल, समोरचा पोरगा ‘हात लागला’ म्हणेल, आणि चाचांचीच लेक येऊन तो नियम वाचेल. इतका चोख हिशोब. मला त्यांचा राग नाही आला. मला फक्त ओरडून सांगावंसं वाटलं, की चाचा, माझ्यावर काढा, तिनं काय केलंय? ती तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

मेन स्विच जिन्याखाली होता. दिवे घालवले तर डाव थांबेल, असंही मनात आलं. पण दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं.

अठ्ठाविसावी. एकोणतिसावी.

रेवतीच्या घड्याळात दोन मिनिटं. हत्ती मध्ये घाल, मी मनात म्हणत होतो. हत्ती, बाळा. हत्ती.

तिसावी चाल धवलची झाली. ‘टक्.’ फास पूर्ण आवळला गेला. शह नव्हता. रेवतीच्या घड्याळात पाऊण मिनिट राहिलं.

अंजुम टेबल एककडे यायला निघाली होती. अर्ध्या वाटेत थांबली, कोणी हाक मारल्यासारखी वळली, आणि खिडकीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. इतक्या मोक्याच्या वेळी पंचानं पाठ फिरवावी, याचा मला त्या घाईतही संताप आला.

रेवतीनं बोटांवर फुंकर मारली.

हात राजाकडे गेला.

बोटं उघडली.

“रेवती! राजाले हात नको लावू! हत्ती!”

तो आवाज माझा होता. चव्वेचाळीस डोकी वर झाली. रेवतीचा हात राजापासून दोन बोटांवर थांबला होता. ती गाढ झोपेतून उठवल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

अंजुम आली. तिनं घड्याळ थांबवलं. पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काही तरी ओळखू आलं की नाही, मी सांगू शकत नाही. तिनं दाराकडे बोट केलं. “सर, सूचना तुमच्याच अक्षरातली आहे.”

“हो,” मी म्हटलं.

“डाव बाद करावा लागते मले.”

“कर.”

धवल जिंकला. रेवतीनं कागदावर सही केली, पेनाचं टोपण लावलं, ते दोनदा लावलं, आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. मला लाज वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, त्या लाजेखाली कुठे तरी सुटल्यासारखंही वाटत होतं. अर्धा गुण गेला, पण तो फास मी माझ्या पोरीच्या गळ्यात पडू दिला नाही. चाचांना हवं ते मी त्यांना दिलं नाही. असं वाटत होतं.

ती जिन्याखाली बसली होती. मी शेजारी बसलो. 

“एक चाल सापडली होती मले,” शेवटी ती म्हणाली. “एवढी सुंदर होती ना, बाबा. डाव वाचत होता. आता आठवूनच नाही राह्यली.” आणि मग ती रडली. दोन वर्षांचं साठलेलं एकदम. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

निकाल लावून झाले. पोरं पिशव्या घेऊन बसस्टँडकडे पांगली. मी नळावर गेलो तर धवल तिथं हात धूत होता. साबण नव्हता, तरी चोळून चोळून धूत होता. पहिला आलेला पोरगा, पण तोंडावर आनंद नव्हता.

“अभिनंदन,” मी म्हटलं.

“सर, रागावणार नसान तर एक सांगू?”

“सांग की.”

“रेवती राजा उचलणार होती. घोड्यावाणी उडी मारणार होती.”

मी नळाच्या कट्ट्याला हात टेकला. “तुला कसं माहीत?”

“माहीत होतं, सर. पह्यल्या चालीपासूनच. मी वाटच पाहून राह्यलो होतो.” तो अजून हात चोळत होता. “ती उडी मारणार, अन् मी काहीच नाही म्हणणार. लगेच हात पुढं करणार, बरोबरी म्हणून. तीस चाली झाल्याच होत्या. मॅडमची पाठ होती. कोणाले काही कळलंही नसतं, अन् दोघंही गेलो असतो राज्याले.”

“पण तशी चाल चालत नाही. तुला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे ना. म्हणूनच तं. ‘हात लागला’ म्हणाचं नव्हतं मले. या वेळी नव्हतं म्हणाचं.”

“या वेळी म्हणजे?”

धवल खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. “मागच्या वेळी म्हटलं मी,” तो हळूच बोलला. “त्याचं लय वाईट वाटते, सर. लय दिवस झाले. माफी मागाची राहून गेली, असं वाटते.”

 “मागच्या वेळी कधी रे? तू अन् रेवती आधी कधी खेळले होते?”

त्यानं नळ बंद केला. चष्म्यामागचे डोळे माझ्याकडे वळले. एका सोळा वर्षांच्या पोराचे डोळे, थकलेले आणि गोंधळलेले.

“कधीच नाही,” तो म्हणाला. “आजच पह्यल्यांदा. मंग हे वाईट कोणाचं वाटून राह्यलं मले, सर?”